काशीची बाटी आणि महाराष्ट्राचा रोडगा

वाराणसीतील मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवरून पूर्वेकडे पाहिले असता गंगेच्या पैलतीरावर वाळूचा विस्तीर्ण पट्टा दिसतो. पावसाळा सरून नदीचे पाणी उतरले आणि थंडीची चाहूल लागली की बनारसकरांच्या सहलींना सुरुवात होते. कोणी होडीने पलीकडे जातात, तर कोणी गावाबाहेरच्या बागा आणि मंदिरे गाठतात. सोबत गव्हाचे पीठ, वांगी, तूप आणि गोवऱ्या असतात. गोवऱ्यांचा ढीग पेटवून त्याच्या निखाऱ्यांत कणकेचे गोळे भाजले जातात. या गोळ्यांना बाटी म्हणतात. भाजलेल्या वांग्याच्या चोख्याबरोबर खाल्ली जाणारी ही बाटी पूर्व उत्तर प्रदेश आणि पश्चिम बिहार या भोजपुरी भाषिक प्रदेशाची ओळख बनली आहे.

मराठी वाचकाला हा बेत परका वाटण्याचे कारण नाही. खंडोबाच्या नैवेद्याला होणारा रोडगा आणि वांग्याचे भरीत, विदर्भातील पंगतीत वाढले जाणारे रोडगे आणि खानदेशातील वरण-बट्टी ही सारी याच कुळातील अन्ने आहेत. इटलीतील नेपल्स शहराने आपल्या पिझ्झाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवून दिल्यापासून प्रादेशिक भाकरी आणि तिची भट्टी यांच्याविषयी जगभर आस्था वाढली आहे. त्या पार्श्वभूमीवर बाटी कशी घडते, तिची मुळे कोठे आहेत आणि बदलत्या काळात तिचे काय होणार, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

मुन्शी घाटाचा मराठी संदर्भ

मुन्शी घाट हा दरभंगा घाट आणि अहिल्याबाई घाट यांच्या मध्ये वसलेला आहे. तेथून काही पावलांवर दशाश्वमेध घाट लागतो. घाटाचे नाव श्रीधर नारायण मुन्शी यांच्यावरून पडले असून ते नागपूरच्या राज्याचे मंत्री होते, असे सांगितले जाते. शेजारच्या भव्य वाड्याची मालकी १९१५ मध्ये बिहारमधील दरभंग्याच्या महाराजांकडे गेली. त्यावरूनच लगतच्या घाटाला दरभंगा हे नाव मिळाले.

नदीकाठच्या या भागात मराठी राज्यकर्त्यांच्या खुणा जागोजागी आढळतात. काशी विश्वनाथाचे मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंदूरच्या अहिल्याबाई होळकर यांनी पुन्हा उभारले. उत्तरेकडे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या नावांचे घाट आहेत. त्याही पूर्वी, १५७३ मध्ये, संत एकनाथांनी आपला ‘एकनाथी भागवत’ हा ग्रंथ वाराणसीतच पूर्ण केला. काशी आणि महाराष्ट्र यांच्यातील ये-जा अशी अनेक शतकांची आहे.

बाटी कशी तयार होते

बाटीसाठी गव्हाचे पीठ किंचित जाडसर दळलेले असावे लागते. त्यात मीठ, ओवा आणि तुपाचे मोहन घालून पीठ घट्ट मळतात. यीस्ट किंवा अन्य कोणताही आंबवणारा घटक त्यात नसतो. मळलेले पीठ काही वेळ झाकून ठेवल्यानंतर त्याचे लिंबाएवढे किंवा त्याहून थोडे मोठे गोळे वळले जातात.

आत सत्तूचे सारण भरलेला गोळा म्हणजे लिट्टी आणि रिकामा गोळा म्हणजे बाटी, असा भेद सर्वसाधारणपणे केला जातो. सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ. त्यात लसूण, आले, हिरवी मिरची, ओवा, कलौंजी, लिंबाचा रस आणि मोहरीचे कच्चे तेल घालून सारण करतात. प्रत्यक्षात बनारसमध्ये सत्तू भरलेल्या गोळ्यालाही सर्रास बाटीच म्हटले जाते.

या पाककृतीचा खरा गाभा विस्तवात आहे. गोवऱ्यांच्या रचलेल्या ढिगाला स्थानिक बोलीत ‘अहरा’ म्हणतात. अहरा पेटवल्यावर लगेच त्यात बाटी टाकली जात नाही. ज्वाला विझून, धूर पूर्णपणे थांबून, निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर धरेपर्यंत वाट पाहावी लागते. गोवरी लाकडाप्रमाणे भडकून जळत नाही. ती सावकाश धुमसते आणि तिची राख उष्णता धरून ठेवते. त्यामुळे बाटीला सर्व बाजूंनी मंद व सारखी आच मिळते. वरचे कवच कडक होते, आतील ओलाव्याची वाफ होऊन मधला भाग शिजतो आणि वाफेच्या जोराने कवचाला भेगा पडतात. बाटी झाल्याची खूण म्हणजे या भेगा.

या काळात गोळे वरचेवर फिरवावे लागतात. साधारण अर्ध्या तासात ते तयार होतात. मग फडक्यात घालून किंवा हातावर आपटून राख झाडली जाते आणि बाटी किंचित दाबून, फोडून तुपात बुडवली जाते. भेगांतून तूप आत मुरते. अहऱ्यावरच एखाद्या मडक्यात किंवा पितळी भांड्यात डाळही शिजवली जाते, त्यामुळे संपूर्ण जेवण एकाच विस्तवावर तयार होते.

चोख्याची घडण

चोख्यासाठी वांगे, टोमॅटो आणि बटाटे त्याच निखाऱ्यांत भाजतात. करपलेली साल काढून गर कुस्करतात आणि त्यात लसूण, आले, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि मोहरीचे कच्चे तेल मिसळतात. फोडणी दिली जात नाही. मराठी भरताप्रमाणेच भाजल्याचा वास हाच येथे मुख्य मसाला असतो. मोहरीच्या तेलाचा झणका मात्र खास पूर्वेकडचा.

बनारसमध्ये वांग्याला ‘भंटा’ म्हणतात. गंगेच्या पलीकडील रामनगर येथील भंटा आकाराने मोठा, भरपूर गर असलेला आणि कमी बियांचा म्हणून चोख्यासाठी विशेष मानला जातो. रामनगरच्या या वांग्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वेळी बनारसी पान आणि बनारसी लंगडा आंबा यांनाही हे मानांकन देण्यात आले. महाराष्ट्रात जळगावच्या भरिताच्या वांग्याला हा मान त्याआधीच, २०१६ मध्ये मिळाला होता. निखाऱ्यावर भाजण्याच्या वांग्याला आपल्या प्रदेशाची ओळख मानणारी गंगेकाठी आणि तापीच्या खोऱ्यात अशी दोन ठिकाणे आहेत.

उगमाचा शोध

बाटीच्या उगमाविषयी अनेक कथा प्रचलित आहेत. राजस्थानात सैनिक लढाईला जाताना तापलेल्या वाळूत कणकेचे गोळे पुरून ठेवत आणि परत येताना ते भाजलेले आढळत, असे सांगितले जाते. बिहारमध्ये १८५७ च्या उठावातील सैनिकांची शिदोरी म्हणून लिट्टीचा उल्लेख होतो. या कथांमागील तर्क समजण्यासारखा आहे. तवा, परात, पोळपाट यांपैकी कशाचीही गरज नसलेले आणि दोन-तीन दिवस टिकणारे अन्न प्रवाशाला, गुराख्याला आणि शिपायाला सोयीचेच होते.

लिखित पुरावा मात्र या कथांपेक्षा शांत स्वरूपाचा आहे. सोळाव्या शतकात भावमिश्र यांनी रचलेल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात शिजवलेल्या अन्नाच्या प्रकरणात ‘अंगारकर्कटी’ नावाचा पदार्थ आला आहे. गव्हाचे पीठ पाण्यात घट्ट मळावे, त्याला वड्याचा आकार द्यावा आणि धूर नसलेल्या विस्तवावर सावकाश भाजावे, अशी त्याची कृती सांगितली आहे. ग्रंथाच्या हिंदी टीकाकारांनी या पदार्थाची ओळख बाटी अथवा लिट्टी अशीच करून दिली आहे. धूर थांबल्याखेरीज बाटी न टाकण्याचा अहऱ्यावरील नियम चार शतकांपूर्वी ग्रंथात नोंदला गेला होता, ही बाब लक्षणीय आहे.

रोडगाही त्याच शतकात महाराष्ट्रात सर्वपरिचित होता. संत एकनाथांच्या भवानीआईला उद्देशून रचलेल्या प्रसिद्ध भारुडात देवीला रोडग्याचा नवस बोलला आहे. ज्या अर्थी लोकांसमोर सादर होणाऱ्या विनोदी रचनेत हा शब्द स्पष्टीकरणाविना येतो, त्या अर्थी तो घरोघरी ठाऊक असला पाहिजे.

चोख्याची कथा वेगळी आहे. वांगे हे भारतीय उपखंडातील जुने पीक आहे. टोमॅटो, बटाटा आणि मिरची ही तिन्ही मात्र मूळची अमेरिका खंडातील असून युरोपीय व्यापाऱ्यांच्या मार्गाने सोळाव्या शतकापासून पुढे भारतात आली. म्हणजे आज जो चोखा ‘पारंपरिक’ म्हणून वाढला जातो, त्यातील वांगे, आले आणि मोहरी जुनी, तर टोमॅटो, बटाटा आणि मिरची तुलनेने नवी आहेत. नेपल्सच्या पिझ्झावरील टोमॅटोही अमेरिकेतूनच युरोपात गेला. त्यामुळे एखाद्या प्रादेशिक अन्नाची परंपरा त्याच्या घटकांच्या यादीवरून ठरवता येत नाही. भाजण्याची रीत घटकांपेक्षा अधिक काळ टिकलेली दिसते.

लोटा-भंटा आणि वांगेसट

काशीच्या पंचक्रोशी परिक्रमेत रामेश्वर हा तिसरा मुक्काम येतो. वरुणा नदीच्या काठी असलेल्या या ठिकाणी रामाने शिवलिंगाची स्थापना केली अशी श्रद्धा आहे. येथे दरवर्षी अगहन महिन्याच्या वद्य षष्ठीला ‘लोटा-भंटा’ नावाची जत्रा भरते. भाविक वरुणेत स्नान करतात, लोट्याने शंकराला पाणी घालतात, नदीकाठी अहरे पेटवून बाटी-चोखा करतात, देवाला नैवेद्य दाखवतात आणि मग कुटुंबासह जेवतात. अपत्यप्राप्तीच्या इच्छेने येणाऱ्यांची संख्याही मोठी असते.

उत्तरेत पौर्णिमेला महिना संपतो, तर महाराष्ट्रात अमावास्येला. म्हणून लोटा-भंट्याची तिथी मराठी पंचांगात कार्तिक वद्य षष्ठी ठरते. त्यानंतर जेमतेम पंधरा दिवसांनी, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, महाराष्ट्रात चंपाषष्ठी येते. शंकराचा अवतार मानल्या जाणाऱ्या खंडोबाच्या षड्रात्रोत्सवाची त्या दिवशी सांगता होते आणि बाजरीचा रोडगा व वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य दाखवून तळी भरली जाते. चातुर्मासात वांगे, कांदा आणि लसूण वर्ज्य करणारी अनेक घरे या दिवसापासून ते पुन्हा खाऊ लागतात. त्यामुळेच या तिथीला ‘वांगेसट’ असेही म्हणतात.

एकाच ऋतूत, षष्ठीच्याच तिथीला, शंकराच्याच उपासनेत, निखाऱ्यावरची भाकरी आणि भाजलेले वांगे असा नैवेद्य दोन दूरच्या प्रदेशांत दाखवला जातो. या साम्यामागे शेतीचे वेळापत्रकही आहे. या दिवसांत खरिपाचे धान्य घरात आलेले असते, वांग्याचा बहर सुरू होतो आणि पावसाळ्यानंतर थापलेल्या गोवऱ्या खडखडीत वाळलेल्या असतात. थंडीमुळे विस्तवाजवळ बसणेही सुखाचे होते. नवे धान्य, नवे वांगे आणि नवी गोवरी यांचा योग जेथे जुळला, तेथे हा नैवेद्य रुजला.

महाराष्ट्रातील भावंडे

महाराष्ट्रात या कुळाला अनेक शाखा आहेत. विदर्भातील रोडगे गव्हाच्या जाडसर पिठाचे असतात. कणकेच्या लहान पाऱ्यांना तेल लावून त्या एकावर एक ठेवतात, बाहेरून मोठ्या पारीने झाकतात आणि हा गोळा गोवऱ्यांच्या आरात भाजतात. भाजल्यावर फोडला की आतले पदर सुटतात. वांग्याची रस्सेदार भाजी, वरण आणि तूप यांच्यासह रोडग्यांचे जेवण शेतात, मंदिरात आणि नवसाच्या पंगतीत होते.

खानदेशातील बट्टीत गव्हासोबत थोडा मका दळतात. पूर्वी ती गोवऱ्यांवर भाजली जाई. आता बहुतेक घरांत गोळे वाफवून, कापून तुपात किंवा तेलात तळले जातात आणि तुरीच्या वरणात कुस्करून खाल्ले जातात. तेथील भरिताची वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत कुटली जातात. खंडोबाचा रोडगा बाजरीचा असतो, कारण पश्चिम महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात गव्हापेक्षा बाजरी जवळची होती. माळव्यातील बाफला आधी पाण्यात उकळून मग भाजतात, तर राजस्थानातील बाटी डाळ आणि चुरमा यांच्यासह वाढली जाते. धान्य बदलले, तोंडीलावणे बदलले, तरी गोळ्याला थेट विस्तवाची आच देण्याची रीत मूळ धरून राहिली.

नियमांत बांधलेला पिझ्झा

प्रादेशिक भाकरीचे जतन कसे करावे, याचे सर्वांत ठळक उदाहरण नेपल्सने घालून दिले आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पिझ्झा हे त्या शहरातील कष्टकऱ्यांचे स्वस्त अन्न होते. १८८९ मध्ये राणी मार्गेरिता हिच्यासाठी रॅफेल एस्पोसितो या कारागिराने टोमॅटो, चीज आणि तुळशीच्या जातीची बेसिलची पाने घालून पिझ्झा केल्याची कथा जगभर सांगितली जाते. इतिहास संशोधकांनी मात्र तिच्या पुराव्याविषयी शंका घेतल्या आहेत.

१९८४ मध्ये नेपल्समध्ये अस्सल पिझ्झाच्या जतनासाठी संघटना स्थापन झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये युरोपीय संघाने ‘पिझ्झा नापोलेताना’ला हमीप्राप्त पारंपरिक उत्पादनाचा दर्जा दिला. या नियमांनुसार पिझ्झाचा व्यास ३५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा, तो लाकडाच्या भट्टीतच भाजावा, भट्टीच्या तळाचे तापमान सुमारे ४८५ अंश सेल्सिअस असावे आणि भाजण्याचा वेळ ६० ते ९० सेकंद असावा. डिसेंबर २०१७ मध्ये युनेस्कोने पिझ्झा करणाऱ्या कारागिरांच्या कलेचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

बाटी आणि पिझ्झा यांची प्रकृती परस्परविरुद्ध आहे. पिझ्झाचे पीठ तासन् तास आंबवतात आणि तो प्रखर आचेवर दीड मिनिटात भाजतात. बाटीचे पीठ आंबवत नाहीत, परंतु तिला मंद निखाऱ्यात अर्धा तास लागतो. तरीही दोन्हींची ओळख विस्तवाशी जोडलेली आहे, आणि दोन्हींपुढील पेचही तोच आहे.

धूर आणि चव

घरात जाळल्या जाणाऱ्या लाकूड, गोवरी आणि कोळसा यांचा धूर आरोग्यास अत्यंत घातक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती वायुप्रदूषणामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख लोकांचा मृत्यू झाला. चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांना आणि त्यांच्याजवळ खेळणाऱ्या लहान मुलांना या धुराची झळ सर्वाधिक पोहोचते. गरीब कुटुंबांतील महिलांना स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी देणाऱ्या उज्ज्वला योजनेचा प्रारंभ १ मे २०१६ रोजी पूर्व उत्तर प्रदेशातील बलिया येथे झाला. बलिया हा बाटी-लिट्टीच्या प्रदेशाचाच भाग आहे.

शहरांतही विस्तवावर निर्बंध येत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वायुप्रदूषणाच्या सुनावणीत लाकूड व कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचे निर्देश दिले. इटलीत नेपल्सजवळील सान विटालियानो या गावाने डिसेंबर २०१५ मध्येच धूर गाळण्याची सोय नसलेल्या लाकडी भट्ट्यांवर बंदी घातली होती. नेपल्सच्या पिझ्झा संघटनेने अलीकडच्या वर्षांत चाचणी घेऊन विजेच्या भट्टीलाही मान्यता दिली. युरोपीय नियमांत मात्र लाकडाची भट्टीच नमूद आहे.

बाटीच्या बाबतीत असा निर्णय घेणारी कोणतीही संघटना नाही. तो घरोघरी आपोआप होत आहे. गॅसवर ठेवण्याच्या झाकणाच्या तंदुरात, ओव्हनमध्ये किंवा अप्पेपात्रात बाटी भाजली जाते. वांगे गॅसच्या ज्योतीवर धरले जाते. बनारसच्या उपाहारगृहांत गोवऱ्यांवर भाजलेली बाटी ही जाहिरातीची बाब बनली आहे. रोजच्या स्वयंपाकातून गोवरी गेली, हे स्त्रियांच्या आरोग्याच्या दृष्टीने स्वागतार्हच आहे. गोवरीच्या गंधाची आठवण काढणारे बहुधा सहलीला जाणारे पुरुष असतात. घराबाहेर अहरा लावण्याचे कामही बनारसमध्ये प्रायः पुरुषच करतात. रोज चूल फुंकणाऱ्या स्त्रीसाठी तो गंध कौतुकाचा विषय नव्हता.

यातून एक विभागणी स्पष्ट होते. रोजची बाटी गॅसकडे वळली असली, तरी सणाची आणि सहलीची बाटी निखाऱ्यावरच राहिली आहे. शहराबाहेर, मोकळ्या हवेत मित्रमंडळींसह जाऊन स्नान, गप्पा आणि जेवण करण्याच्या बनारसी रिवाजाला ‘बहरी अलंग’ म्हणतात. लोटा-भंट्याची जत्रा, बहरी अलंग, महाराष्ट्रातील चंपाषष्ठी आणि विदर्भातील नवसाची पंगत, अशा वर्षातील मोजक्या दिवशी, उघड्यावर अहरा किंवा आर पेटतो. बंद स्वयंपाकघरातील रोजच्या धुराच्या तुलनेत त्याचा धोका पुष्कळच कमी असतो.

मानांकनाने वांग्याचे नाव आणि गाव सुरक्षित होते. निखाऱ्यावर राख कधी धरली, गोळा कधी फिरवावा आणि भेग कधी पुरेशी उमलली, हे ज्ञान कोणत्याही प्रमाणपत्रात नोंदवता येत नाही. ते विस्तवाजवळ बसूनच एका पिढीकडून दुसरीकडे जाते. वरुणेच्या काठावर आणि खंडोबाच्या अंगणात वर्षातून एकदा होणारा हा बेत म्हणूनच महत्त्वाचा आहे. चुलीचा रोजचा जाच संपल्यानंतरही हे ज्ञान जिवंत राहण्याची सोय पंचांगाने करून ठेवली आहे.